विंच थांबवायचा कुणी

१२ जुलै
पुन्हा नाही जुळलं! मी लेथवर शाफ्ट काढला पंचवीस मिलिमीटरचा, वर्कशॉपातल्या सुजितने कपलिंग आणलं एक इंचाचं, म्हणजे जरासं मोठं. आपापल्या जागी दोघंही बरोबर – जोडलं की खडखडाट. आधी विचारलंच नाही एकमेकांना. मी पाना आपटला. सुजित म्हणाला, "पाना आपटून शाफ्ट जाडा होत न्हाय रे." तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं तेव्हा वाटलं, सुटलो, आता कुणी मार्क कापणार नाही. इथे बोटं कापली जातील! हा विंच दादूकाकांच्या होडीवर दोर गुंडाळून जाळं ओढणार. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. आणि दादूकाका म्हणजे प्राप्तीचे बाबा.

१५ जुलै
प्राप्ती वर्कशॉपात आली. विंचचं इलेक्ट्रिक पॅनल तीच करतेय. सोबत तिच्या मागे-मागे फिरणारा प्रज्योत – कशाला? वायर धरायला! म्हणाली, "पायाचा पेडल ठेवू. दाबून धरला तरच विंच चालेल. पाय उचलला की बंद." प्रज्योत लगेच – "भारी आयडिया!" झालं. डोकं सटकलं माझं. म्हटलं, "शिलाई मशीन नाहीये हे." मी स्टॉपचं बटण केबिनमध्येच ठेवलं, तांडेलाच्या म्हणजे होडीच्या कप्तानाच्या हाताशी. तांडेल दादूकाकाच, त्यामुळे ते खूश. "माज्या होडीवर थांब म्हननारा मीच!"
तिने वही मिटली. जाताना वळूनही बघितलं नाही.

१९ जुलै
सॉरी पाठवलं. ब्लू टिक आली. उत्तर नाही.

२३ जुलै
केबिनमधून विंचचा दोर गुंडाळणारा ड्रम दिसतच नाही! आज आत बसून पाहिलं, मध्ये जाळ्यांचा ढीग. सदा खलाशी उभा राहणार ड्रमशी, आणि बटण पंधरा फुटांवर. ड्रॉइंगमध्ये कसं नाही दिसलं? ड्रॉइंगमध्ये माणूस काढलाच नव्हता मी.
बटण ड्रमजवळ आणलं. प्राप्तीला कळवलं नाही.

२७ जुलै
धक्क्यावर चाचणी. दोरात मुद्दाम बांबू अडकवला. बटण सदाच्या कोपराशी, हात मोकळा – तरी हा केबिनकडे बघत उभा! बांबूच्या चिंध्या झाल्या. मी ओरडलो, "दाबलं का नाहीस?"
"तांडेल बोलला न्हाय ना. त्याच्या शब्दाबगर मी कसा थांबवू?"
दादूकाकांनी मान डोलावली. जणू सदा पास झाला!
बटण कुठेही लावा, ते दाबायला सदाला परवानगी लागणार. पाय उचलायला नाही लागणार, दचकला की तो आपोआप उचलतो. हे ती बारा दिवसांपूर्वीच बोलली होती.

२८ जुलै
सकाळीच तिच्या दारात. "पेडल लावू या. चुकलो मी."
"मशीनचं, की माझ्याशी बोलायचं?"
"दोन्ही."
"मशीनचं आधी बघू."
दुपारपर्यंत वायरिंग. कामापुरतं बोलली, एक शब्द जास्त नाही. दादूकाका कुरकुरले, "म्हंजे आता सदा तांडेल काय?" ती म्हणाली, "बाबा, चालू करायचा हुकूम तुमचाच. थांबायला हुकूम नको."

३१ जुलै
उद्या होडी निघणार. पेडल दोनशे वेळा दाबून-सोडून पाहिला. दोनशे वेळा विंच बंद झाला. तरी निघताना पुन्हा एकदा दाबून पाहिला.

२ ऑगस्ट
होडी परतली. दोर सरकेना म्हणून दादूकाका स्वतः ड्रमशी गेले. बाही अडकली, हात आत ओढला गेला. तोंडातून आवाजच फुटला नाही त्यांच्या! सदा घाबरून मागे उडाला, पेडलवरचा पाय उचलला गेला – तेवढंच. विंच बंद. मनगट सुजलंय. पण हात आहे. प्राप्ती तो सोडतच नाही.