पाळण्यातली मुलगी कुणाची, त्याबाबत

सोलापूर,
मंगळवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप आक्कास,
धाकट्या आप्पाचा, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार.

बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत जातात तेव्हा कसा आवाज होतो, सांग बरं? झर्र नाही आणि खळ्ळही नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. आई हसायची तेव्हा तो यायचा. हसू तिचं ऐकूच यायचं नाही, कारण हात आधी तोंडावर जायचा. ऐकू यायच्या त्या बांगड्या. (तुझी तब्येत आधी विचारायला हवी होती, पण आवाज आधी आला, त्याला मी काय करू.) तर तुझी कंबर कशी आहे? अकलूजला उसामुळं थंडी जास्त, तेव्हा पहाटे उठून अंगणात जाऊ नकोस. साखर कमी झाली का? रक्तातली म्हणतोय, कारखान्यातली नव्हे. माझं बरं आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं स्वच्छ दिसतं, घरातली धूळसुद्धा. ती मी बोलून दाखवली म्हणून सूनबाई, म्हणजे आमची रेश्मा, दोन दिवस गप्प होती. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की सगळी गल्ली उत्तरं देते.

तर झालं असं. इथल्या एका वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागलंय. एकोणीसशे दहापासून पस्तीसपर्यंतचं सोलापूर, तेही सुट्टीच्या दिवसाचं, लोक कशी मजा करत त्याचं. मी दोन आठवडे रोज जातो. (रेश्माला वाटतं, डॉक्टरनं सांगितलेलं चालणं चालू आहे.) आक्का, तेव्हाची माणसं मजासुद्धा किती गंभीरपणे करत गं. एका चित्राखाली छापलंय, 'तळ्याकांठीं हवा खाणारे नागरिक', आणि वर चार गृहस्थ, कोट, उपरणं, हातात काठी, कोर्टात निकाल ऐकायला उभे असावेत तसे. हवा कडू निघाली असणार. दुसऱ्यात तंबूतल्या सिनेमाबाहेरची रांग; सगळी रांग तंबूकडं पाठ करून कॅमेऱ्याकडं बघतेय, कारण त्या दिवशीची खरी करमणूक तीच. तिसऱ्यात सायकलच्या शर्यतीत पहिला आलेला इसम सायकलीला धरून उभा आहे, आणि दोघांत सायकलच जास्त दमलेली दिसते. मी एकेका चित्रापुढं उभा राहून शाळेतल्या कविता चालीवर म्हणतो, मनातल्या मनात. (असं मला वाटत होतं. परवा रखवालदारानं सांगितलं की बाहेर चपलांपर्यंत ऐकू येतं.)

गेल्या बुधवारी कोपऱ्यातल्या एका चित्रापाशी गेलो. खाली मजकूर, 'गड्ड्यांतील पाळण्याची मौज', साल एकोणीसशे तेहेतीस. सिद्धेश्वराच्या यात्रेतला, गड्ड्यावरचा तो चार पेट्यांचा लाकडी पाळणा, माणसांनी हातानं ढकलायचा. सगळ्यात वरच्या पेटीत आठनऊ वर्षांची एक मुलगी, परकर-पोलकं घातलेली. एका हातानं दांडा धरलाय, दुसरा तोंडावर. आणि आक्का, त्या हातातल्या बांगड्या पार कोपराशी. माझ्या तोंडून मोठ्यानं 'आई' निघालं. शेजारची एक शाळकरी मुलगी धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, कुठं लागलं?" आता तिला काय सांगायचं.

तोंडावरचा हात डावा होता, हे मी लगेच हेरलं. आई डावखुरी, डाव्या हातानं वाढायला गेली की आजी रागवायची, हे तूच मला सांगायचीस. तेहेतीस साली ती नऊ वर्षांची, गिरणीच्या चाळीत राहणारी, गड्डा तिथून चालत वीस मिनिटांवर. सगळं जमतंय की.

आता मुद्द्याचं. या चित्रांचं पुस्तक निघणार आहे. चित्रातलं माणूस कुणाला ओळखता आलं तर अर्ज भरून द्यायचा, मग चित्राखाली त्याचं नाव छापणार. येत्या रविवारी मुदत संपते. आक्का, आपल्या आईचं नाव तू कुठं छापलेलं बघितलंयस? आपल्या घरात तिचा एक फोटो नाही. रेशनच्या कार्डावरसुद्धा बाबांच्या नावापुढं नुसतं 'व पत्नी' होतं. सोजर. तीनच अक्षरं आहेत. ती एकदा छापलेली बघायचीत मला, बाकी माझी आता फार काही मागणी नाही. शाळेतल्या सगळ्या कविता मी पुन्हा आठवून बघितल्या. त्यांतल्या आया दिवा लावतात, वाट बघतात, नाहीतर डोळे पुसतात. पाळण्यात बसून हसणारी आई एकाही कवितेत नाही गं. ही एकच, आणि ती निनावी राहणार म्हणजे काय.

तेव्हा मी अर्ज भरला. 'ओळखीचा आधार' या रकान्यात 'बांगड्या' असं लिहिलं. प्रदर्शन सांभाळणारी अक्षता नावाची गुणी मुलगी आहे, तिनं ते दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाली, "काका, आधार कार्डसुद्धा चालेल हो." मग तिनं सांगितलं, सह्या दोन लागतात, एक ओळखणाऱ्याची, एक साक्षीदाराची. एवढ्यात मागून आवाज आला, "अहो, ही नम्म अव्वा आहे की." वळून बघतो तर बाळीवेशीतल्या पार्वतम्मा, माझ्यासारख्याच प्रदर्शनाला रोज येणाऱ्या. वय माझ्याहून दोनचार वर्षांनी जास्त, आवाज माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांच्या मते ती त्यांची आई. त्यांनी सगळ्यांदेखत पदर सारून कान दाखवला. "हा कान बघा, तिचा बघा. बांगड्या काय, बाजारात मिळतात. कान मिळतो का?" मी म्हणालो, कान मलाही दोन आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, "आहेत की, पण ऐकायला वापरा."

मग मी आमच्या गल्लीतल्या करीमला घेऊन गेलो. करीमनं चाळीस वर्षं छापखान्यात चित्रांचे ब्लॉक बनवले, त्यामुळं त्याचा शब्द या बाबतीत शेवटचा. तो भिंग घेऊन आला आणि चित्राला नाक लावून बघत राहिला. "आप्पा, इधर ना कान है ना बांगडी. सब ठिपके." मीही भिंगातून बघितलं. खरंच गं, नुसते ठिपके, बारीक मोहरीसारखे. जवळ गेलं की आई नाहीशी होते, चार पावलं मागं सरलं की परत येऊन हसते. मी पाचसहा वेळा पुढं मागं केलं. अक्षतानं खुर्ची आणून दिली.

तेवढ्यावर करीम थांबता तर बरं होतं. पण त्यानं पाळण्याखाली उभ्या असलेल्या बायकांवर भिंग धरलं आणि हसायला लागला. "ये फोटोच उल्टा है. पदर बघ ना." सगळ्या जणींचे पदर उजव्या खांद्यावर. (अक्षतानं म्हणूनच खाली पाटी लावली होती, 'यात्रेतील गुजराती भगिनी'.) करीम म्हणाला, घाईत निगेटिव्हची काच पालथी लागली की ब्लॉकमध्ये अख्खं गाव डावखुरं होतं, आमच्याकडं दरमहा व्हायचं. म्हणजे तोंडावरचा हात उजवा. पार्वतम्मा लगेच म्हणाल्या, "गेला की हो तुमचा हात." आणि त्यांनी शांतपणे दुसऱ्या बाजूचा कान बाहेर काढला.

मी खुर्चीत बसलो आणि सुचलं. डावखुरं माणूस उंचावर घाबरलं तर दांडा कोणत्या हातानं धरेल? भक्कम हातानं, म्हणजे डाव्यानं. मग तोंडावर राहिला तो उजवाच. उलट आणखी पक्कं झालं. करीमनं विचारलं, "और सीधा होता तो?" मी म्हणालो, तरी आईच. तो भिंग सदऱ्याला पुसत बसला.

असं सगळं इथलं. तू औषधं वेळेवर घे, नातवंडांना माझे आशीर्वाद सांग आणि दात नसताना ऊस चोखू नकोस.

तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि अजून तेवढाच,
आप्पा

ता. क. सोबत अर्ज आहे. साक्षीदाराच्या रकान्यात पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथं सही कर आणि स्पीड पोस्टानं लगेच धाड, रविवारच्या आत पोचला पाहिजे. अक्षतानं मोबाइलवर त्या चित्राचा फोटो काढून कागदावर छापून दिलाय, तोही ठेवला आहे. लांब धरून बघ.

ता. क. २. सगळ्यांना मी सांगितलंय की बघताक्षणी ओळखलं. तुला एकटीला खरं लिहितो. मला आईचा चेहरा आठवतच नाही. ती गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, तू अकराची, तुझ्या तो ध्यानात असेल. म्हणून नीट बघ. बघून ती आई नाही असं वाटलं तर सही करू नकोस, पण मला तसं कळवूही नकोस. अर्ज वाटेत कुठं हरवला असं मी समजेन.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार होतो तर दार वाजलं. पार्वतम्मा आल्यात. दोन जिने चढून धापा टाकताहेत, हातात त्यांचा अर्ज. त्यांनाही साक्षीदार पाहिजे. म्हणतात, "आमच्याकडचं आता कुणी उरलं नाही हो. भाऊ गेला, बहीण गेली. त्या पोरीला माझ्याएवढं बघितलंय ते तुम्हीच." बसा म्हटलं तर बसत नाहीत, सही झाल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नाही म्हणतात. पेन सापडत नाही असं सांगावं, तर ते माझ्या हातात आहे.