कानबाईचा पाट

धरणगाव,
ता. १४ मे १९६८

तीर्थस्वरूप अक्कांस,

धाकट्या जावेचा, म्हणजे भागाचा, वाकून नमस्कार. (अजून वाकता येतं, म्हणून तसं लिहिलं.) भाऊंना नमस्कार सांगा, लीलाधरला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

धुळ्याहून एस.टी.त बसायला जागा मिळाली, सुखरूप पोचले. इकडे ऊन असं आहे की अंगणात पाय ठेववत नाही. कुरडया झाल्या, पापड राहिलेत. ह्यांचा खोकला बरा आहे, तपकीर मात्र सुटत नाही. तुम्ही दिलेलं लोणचं वाटेतच अर्धं बरणीतून पिशवीत उतरलं. पिशवी दोनदा धुतली तरी वास जात नाही.

आता जरा रागावून लिहिते, तर वाईट वाटून घेऊ नका. किंवा घ्या.

लीलाधर गुणाचा मुलगा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याने तुमच्या खाटेला जी घंटी बांधली आहे ती पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घंटी वाजली की सूनबाई पाणी आणते. घंटी वाजली की ताट येतं, ताट जातं, उशी सरळ होते. “आईने जन्मभर कष्ट केले काकू, आता तिला मी उठूच देणार नाही,” असं तो मला मोठ्या अभिमानाने सांगत होता. त्याचा तुमच्यावर जीव आहे हे दिसतं. पण तुमचा पाय न्हाणीत घसरून मोडला पौषात, प्लास्टर निघालं होळीच्या आत, आणि डॉक्टर माझ्यादेखत म्हणाले की हाड छान सांधलंय, आता आजींनी चालायला हवं. ते बोलून गेले आणि तुम्ही घंटी वाजवून चहा मागवलात!

निघताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “भागा, मना पाय गयात आते. यंदा कानबाई तूच ले.” आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी काहीच बोलले नाही. एस.टी.ची वेळ झाली होती, हे खरं आहे. त्याचं उत्तर सवडीने देईन.

नागपंचमी होऊन रविवारी इथे कानबाई बसेपर्यंत अजून बरेच दिवस आहेत. सोमवारी देवीचा पाट डोक्यावर घेऊन विसर्जनाला ओढ्यापर्यंत जायचं ते घरातल्या सर्वांत मोठ्या सुनेनं, आणि तिने एकदा तो दुसरीच्या डोक्यावर दिला की पुन्हा मागायचा नाही, ही आपल्या घरची रीत मी नवी नवरी असताना तुम्हीच मला शिकवलीत. तेव्हा घाईने काही देऊन टाकू नका.

तोवर एवढंच करा. घंटी सोडवून पेटीत टाका. पाणी प्यायला स्वतः उठा. सकाळी ऊन चढायच्या आत फाटकापर्यंत जा, मग वळणापर्यंत जा. आमच्या शेजारच्या हीराबाई माहीत आहेत ना, कापडवाल्या रिखबचंदांच्या आई? तुमच्याहून वयाने मोठ्या. रोज अनवाणी जैन स्थानकात जातात, महाराजांचं व्याख्यान ऐकतात आणि चालत परत येतात. मी म्हटलं, “मुलगा टांगा करून देतो तर बसत का नाही?” तर म्हणाल्या, “बैठ गई तो बैठीज रहूंगी, बाई.”

तुमची,
भागा


धरणगाव,
ता. ५ जुलै १९६८

तीर्थस्वरूप अक्कांस,

सा. न. वि. वि. तुमचं कार्ड मिळालं. अक्षरावरून राग कळला, टाक कागदातून आरपार गेलाय. ह्यांना वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, “वहिनी रागावल्यात ना? मग ठीक आहे.”

वळणापर्यंत गेलात, रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलात, आणि परत येताना माझ्या नावाने बोटं मोडलीत, हे सगळं वाचून मला फार आनंद झाला. पायाला सूज आली तर रात्री तेल लावा आणि सकाळी पुन्हा निघा. भाऊंना सोबत घ्या. त्यांचं नुसतं वर्तमानपत्र वाचून पोट सुटलंय, हे मी तेव्हा संकोचाने बोलले नव्हते. मोरीच्या पुढे पांझरा नदीचा काठ किती लांब आहे? लीलाधर ओरडला तर त्याला सांगा की काकूला जाब विचार. मी देईन.

मानेची सवय गेली असेल, तीही करायला हवी. एखादं लहानसं गंगाफळ आणा. चुंबळ करून पाटावर ते ठेवा आणि पाट डोक्यावर घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घाला. शेजारपाजारच्या बायका हसतील. हसू देत. पडलं तर भोपळ्याची भाजी करा.

तुम्ही लिहिलंय, “मला चालायला लावतेस, पण कानबाईचं हो की नाही ते सांगत नाहीस. तुला जड वाटत असेल तर तसं सांग, मी दुसरी सोय बघते.”

जड? अक्का, तुम्ही मला ओळखलंच नाही.

मी ह्या घरात आले तेव्हा तुमच्या डोक्यावर पाट होता. नारळाला नथ, डोळ्यांत काजळ, पुढे डफ, बायका फुगड्या घालतायत आणि तुम्ही मान ताठ ठेवून चाललाय. मी मागे आरतीचं ताट धरून. तेव्हापासून मी ते ताटच धरतेय. दरवर्षी पाट उचलताना मला वाटतं, आज अक्का म्हणतील, भागा, जरा तू घे. एकदा तुम्हाला ताप होता, तरी तुम्ही म्हणाला नाहीत. मी घरी येऊन चुलीपाशी रडले, आणि ह्यांना सांगितलं की धुरामुळे डोळे चुरचुरतायत. मला तो पाट हवा आहे. अगदी पहिल्या वर्षापासून हवा आहे.

देवपूरला तुमच्या घरून निघताना तुम्ही म्हणालात तेव्हा “हो” माझ्या जिभेवर आलंच होतं. पण तुम्ही भिंतीकडे वळलात आणि मला सासूबाई आठवल्या. आठवतं ना? धडधाकट बाई, शेतात डबा घेऊन जायच्या. माझ्या पहिल्याच कानबाईला “आता माझं झालं” म्हणून त्यांनी पाट तुमच्या डोक्यावर दिला, आणि त्यानंतर ओट्यावरून खाली उतरणंच सोडलं. आम्हीही मोठ्या मायेने त्यांना सगळं हातात द्यायचो. पुढची कानबाई त्यांनी पडल्या पडल्या ऐकली, आणि त्याच्या पुढची त्यांना ऐकायला मिळाली नाही.

मला भीती वाटली, अक्का. पाट सोडलात की तुम्हीही उठणार नाही. म्हणून बोलले नाही.

पाय गेले आहेत की नाहीत ते तुम्ही इथे आलात की बघू. तोवर गंगाफळ.

तुमची हावरी जाऊ,
भागा


धरणगाव,
ता. ९ ऑगस्ट १९६८

तीर्थस्वरूप अक्कांस,

साष्टांग नमस्कार. तुम्ही सर्व सुखरूप पोचल्याचं लीलाधरचं कार्ड आलं. त्यात त्याने लिहिलंय की, “आईने उतरल्यावर टांगा करू दिला नाही.” पुढे दोन उद्गारचिन्हं काढली आहेत. त्याला म्हणावं, काकूने वाचलं आणि साखर खाल्ली.

तुम्ही गेल्यापासून घर सुनं वाटतंय. प्रसादाचे रोट अजून थोडे उरलेत, हे चहात बुडवून खातात. हीराबाई रोज विचारतात, “धुलियावाली जेठानी पहुंची क्या?” ओट्यावरून त्यांनी तुम्हाला पाट घेऊन जाताना बघितलं, तेव्हापासून स्थानकात सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत.

मला मात्र मनात शनिवारच दिसत राहतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने रोटांसाठी सव्वा मूठ गहू काढून झाले आणि मी जात्यापाशी चौरंग ठेवला, तुम्हाला खाली बसवणार नाही म्हणून. तुम्ही तो पायाने बाजूला सारलात, जमिनीवर बसलात, आणि खुंट्याला हात घालून मला म्हणालात, “बठ आते समोर.” दळून झाल्यावर एक हात जमिनीला टेकून उठलात, तेव्हा सूनबाई दारात उभी राहून रडत होती. मला म्हणाली, “काकू, आम्ही त्यांना सांभाळतच होतो हो.” मी म्हटलं, “तुझं काही चुकलं नाही पोरी, फक्त आता पाणी मागितलं की हंडा कुठे आहे ते दाखव.”

सोमवारी तुमची मान थरथरत होती. मी बाजूनेच चालत होते म्हणून मला दिसलं, बाकी कोणाला नाही. गल्लीतल्या गटारावरची फरशी ओलांडताना तुमचा पाय अडखळला आणि चारी बाजूंनी बायका धावल्या, लीलाधर तर डफवाल्याला ढकलून आला. तुम्ही ओरडलात, “कोनी हात नका लावा!” डफसुद्धा थांबला. मी हात लावला नाही, पण खरं सांगते, माझा हात तुमच्या पाठीमागे होता, आणि तो पाठीसाठी होता की पाटासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं. मग तुम्ही पाऊल उचललंत आणि थेट ओढ्यापर्यंत गेलात. मी इतक्या वर्षांत इतक्या मोठ्याने गाणी म्हटली नव्हती. अजून घसा बसलेला आहे.

पाण्यात उभ्या असताना तुम्ही मला जवळ ओढून म्हणालात, “पुढला साल पाट तुना. मी समजस बठ्ठं.” तुम्हाला म्हणे सगळं कळलं होतं. मी नुसती मान हलवली. तुम्हाला वाटलं असेल, हो म्हणाली. त्या आवाजात आणि घाईत तिथे बोलता आलं नाही, आणि बोलले असते तर रडूच फुटलं असतं.

अक्का, नको.

हौस फिटली म्हणून नाही. परवा पाट पुसून माळ्यावर ठेवायला घेतला, तेव्हा घरात कोणी नाही बघून मी तो एकदा डोक्यावर ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिले. हे तुम्हाला म्हणून सांगते, दुसऱ्या कोणाला सांगू नका. मला शोभतो. मी भरपूर वेळ तशी उभी होते.

पण तो तुमच्याकडे आहे तोवर तुम्ही पांझरेच्या काठाला जाल, व्हरांड्यात येरझाऱ्या घालाल, जमिनीवर बसून उठाल. मला दिलात की तुम्हाला सकाळी घराबाहेर काढायला माझ्याजवळ दुसरं काही नाही. चाला म्हणून मी किती कार्डं पाठवणार? पाट तर मला आणखी शंभर वर्षं हवाच वाटेल, पण मला जाऊ जास्त हवी आहे. सासरी आले तेव्हा मला आई नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ती उणीव कधी भासू दिली नाहीत, म्हणून आज असं हट्टाने लिहिते.

तेव्हा पुढच्या श्रावणात तुम्हीच घ्यायचा, आणि त्याच्या पुढेही. मी आरतीचं ताट धरून बाजूने चालेन, पाटाकडे बघून मनातल्या मनात चरफडेन, आणि तुम्ही दमलात का म्हणून विचारणारही नाही. भाऊंना रोज सोबत न्या.

माझी पाळी कधीच येऊ नये, असं कानबाईला मागून आलेली,
तुमची धाकटी,
भागा