पांदणीतली तीनचाकी

माय, मी शेतात जाऊन आले. ओढ्यापलीकडच्या, तू हट्टानं माझ्या नावावर केलेल्या पट्टीत. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना जीव धास्तावतोय. वाटतंय, तू आत्ता पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर येशील आणि विचारशील, कुणाला विचारून गेलीस.

तुझा तो राग मला जसाच्या तसा आठवतो. मी बारा वर्षांची असेन. तू भाकरी घरीच विसरून गेली होतीस, म्हणून मी फडकं गळ्यात बांधून, कुबडी घेऊन एकटीच शेताकडं जाणाऱ्या पांदणीला लागले. भादव्यातला चिखल. काळ्या मातीत कुबडी रुतली ती निघेना, आणि तिच्यावाचून मला उभं राहता येईना. परत येताना तुला मी चिखलात बसलेली दिसले. तू आधी मारलंस, मग पाठुंगळी घेऊन घरी आणलंस. चूल पेटवल्यावर माझ्याकडं न बघता म्हणालीस, "या रस्त्यानं परत आलीस तर माझं तोंड बघू नको." पुढच्या वर्षी तू मला शिलाई मशीन आणून दिलीस. पायाची नाही, मुद्दाम हातानं फिरवायची. गाव म्हणालं, केवढी माया. माया होतीच. पण मला मशीनपुढं बसवून तू दार ओढून शेतात निघायचीस, तेव्हा मला वाटायचं, मला घरात बसवून ठेवायलाच ही आणली आहे.

त्या मशीनवर शिकले म्हणून आज बोरीत माझं शिलाईचं दुकान आहे. दुकानात मी स्कूटरनं जाते. मागं दोन्ही बाजूंना आधाराची चाकं लावलेली असते ना, तसली. तू असताना अशी गाडी गावात नव्हती. लोक तिला तीनचाकी म्हणतात, पण चाकं चार, आणि ओढतं ते एकटं मागचं मधलं. डांबरी रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही. पांदणीत मात्र बाजूची चाकं उंचवट्यावर चढतात, मधलं चाक अधांतरी लोंबकळतं आणि नुसतं गरगरतं. हे मला कळलं ते यंदा. पट्टी बटईनं करणारा म्हातारा थकला, पुढं जमणार नाही म्हणाला. भाऊ सेलूला नोकरीला. तो म्हणाला, एक वर्ष पडीक राहू दे. मी ट्रॅक्टरवाल्याकडून सोयाबीन पेरून घेतलं, खुरपायला बाया लावल्या. त्यातली एक म्हणायची पीक लय भारी हाय, दुसरी म्हणायची पिवळं पडायलंय. दोघींचं ऐकून मला शिवणात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दुसऱ्याची बाही लावून बसले. शेवटी पोळ्यानंतर गाडी काढून पांदणीत गेले, आणि ओढ्याच्या अलीकडंच अडकले. मागं न्यायला गाडीला रिव्हर्स नाही, उतरून ढकलायला मला पाय नाही. फोनला रेंज नाही. उन्हं कलेपर्यंत मी तिथं गाडीवर बसून होते. मग मेंढरं घेऊन धनगर आले. त्यांच्यातल्या दोघांनी गाडी मागून धरून उचलून फिरवून दिली. सोबतची म्हातारी बराच वेळ माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "घरी कोनी मानूस न्हाई का गं तुझ्या?" तिनं मायेनंच विचारलं. पण ते तूच विचारल्यासारखं वाटलं, आणि मी परत येईपर्यंत रडले.

देवगाव फाट्यावर एक मेस्त्री ई-रिक्षा दुरुस्त करतो. त्याला गाडी दाखवली. तो म्हणाला, मधलं चाक काढून टाकू, त्याच्या जागी चेनचं चक्कर बसवू, आणि तिथून चेन ओढून मागं रिक्षाचा अख्खा अ‍ॅक्सल लावू. म्हणजे बाजूची दोन्ही चाकंच गाडी ओढतील. मडगार्ड उंच घेऊ, चिखल भरून चाक जाम व्हायला नको. एवढं तो धडाधड बोलला. मग अडखळला. रिक्षाच्या अ‍ॅक्सलमध्ये मधोमध डिफरन्शियल असतं, त्यामुळं वळताना एक चाक कमी, एक जास्त फिरू शकतं. पण चिखलात एक चाक घसरलं की सगळा जोर त्यातच वाया जातो. ते वेल्डिंग करून जाम केलं, तर दोन्ही चाकं एकदम ओढतील.

"मग जाम करा," मी म्हणाले.

"ताई, मग वळणावर ती सरळ जायला बघंल. हँडल फिरवलं तरी मागची चाकं पुढं रेटत राहतील."

"पलटी होईल का?"

त्यानं हात पुसले. "आजवर अशी गाडी केली न्हाई मी. खोटं कशाला सांगू. तुमी सांगा कसं करायचं ते."

मी चार दिवस त्याला काहीच सांगितलं नाही. जाम न करता गेले आणि अडकले तर धनगर रोज येणार नाहीत. जाम करून ओढ्याच्या उतारावर वळली नाही तर खाली दगड आहेत. दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढं दिसायच्या. भावाला फोन केला तर तो म्हणाला, तू कशाला जातीस, मी रविवारी जाऊन बघून येतो की. तो चांगल्या मनानंच म्हणाला, पण ते ऐकलं आणि मी मेस्त्रीला जाम करा म्हणून कळवलं.

गाडी आली तेव्हा खरंच तीनचाकी झाली होती. गल्लीत वळवताना दंड भरून यायचे. सकाळचं ऊन वर आल्यावर मी पांदणीला लागले. जिथं अडकले होते ती जागा कधी मागं गेली कळलंच नाही, मागची दोन्ही चाकं माती उडवत सरळ निघाली. मग ओढ्याचा उतार आला. त्याच्या मध्यावर उजवीकडं वळण आहे. मी हँडल फिरवलं आणि गाडी सरळच चालली, मेस्त्री म्हणाला होता तशी. समोर काठाची बाभळ, तिच्यापलीकडं काहीच नाही. मी दोन्ही हातांनी ब्रेक आवळला. पुढचं चाक बाभळीच्या मुळाला टेकून थांबलं. मागं जाता येईना, खाली उतरता येईना, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी तुला हाक मारली. मोठ्यानं, माय गं, म्हणून. मग माझं मलाच ऐकू आलं. मी सगळं अंग उजवीकडं टाकलं, हँडल पुरतं वळवून धरलं आणि ब्रेक एवढा एवढा सोडत गाडीला जरा जरा रेस दिली. पुढचं चाक चिखलात फरफटलं, फरफटलं, आणि एकदम धरलं. गाडी वळली. ओढ्यातून पाणी उडवत पलीकडचा चढ ती कशी चढली ते तुला सांगता येणार नाही. मी नुसती हँडलला चिकटून होते.

शेत मला वाटलं होतं त्याहून लहान निघालं. सोयाबीन एका बाजूला दाट, ओढ्याच्या बाजूला पिवळं. म्हणजे दोघी बाया खरं बोलत होत्या. बांधावर लिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली तू जेवायचीस असं भाऊ सांगायचा. मी तिथं जाऊन थांबले. येताना वळणावर हळू घेतलं, नीट आले. मेस्त्रीला सांगितलं, गाडी मस्त झाली. भावाला सांगितलं, शेत बघितलं, लिंबाखाली बराच वेळ बसले, बरं वाटलं.

बसले हे खरं आहे. पण गाडीवरच बसले होते, आणि सारा वेळ गाडी चालूच ठेवली होती. बंद केली आणि परत सुरूच झाली नाही तर, या भीतीनं किल्लीवरचा हात काढला नाही. त्यामुळं माय, तुझ्या शेतात वाऱ्याचा, पाखरांचा आवाज कसा येतो, ते मला अजून माहीत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.