आधी गाडी बाजूला घ्या

३ मार्च
कान किटले आज! सामान पोचवणाऱ्या आमच्या गाड्यांच्या पाठीवर लिहिलंय — ‘चालक बेफाम चालवत असल्यास कळवा’. खाली नंबर. तो नंबर म्हणजे मी. अख्ख्या रस्त्याचा राग माझ्या कानात! त्यात लोक गाडी चालवता चालवताच फोन करतात. म्हणून माझा नियम — आधी गाडी बाजूला घ्या, मग बोला. तोवर एक अक्षर लिहून घेत नाही. थांबलं की निम्मा राग तिथेच उतरतो.

घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला. दिवसभर बोलून घसा बसलेला, आणि इथे बोलायला कोणी नाही.

५ मार्च
आज घाम फुटला. एक पांढऱ्या गाडीवाला. “तुमच्या ड्रायव्हरनं कट मारलाय! मागेच आहे मी त्याच्या. आज सोडत नाही!” शेजारच्या सीटवर लोखंडी पाना ठेवलाय म्हणे! हळू म्हटलं, “साहेब, आधी गाडी बाजूला घ्या.” “कशाला?” “मला नीट ऐकू येत नाहीये हो.” (धडधडीत थाप!) तेच तेच म्हणत राहिले. शेवटी इंजिन बंद झालं. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “मॅडम, मी काय करायला निघालो होतो?”

म्हटलं, पाणी प्या. मीही प्यायले.

६ मार्च
आमचा ड्रायव्हर मजेत चहा पीत होता. मागे काय लागलं होतं, पत्ताच नाही! चांगला फैलावर घेतला. “पुन्हा नाही, मावशी.” बघू.

९ मार्च
पांढरी गाडी पुन्हा! पण तक्रार नाही. “राग आला होता, मॅडम. बाजूला घेतली. म्हटलं, तुम्हाला सांगावं.”

१७ मार्च
हल्ली रोज येतो फोन, संध्याकाळी. आज तर राग वगैरे काही नव्हताच. कुणी कुत्र्याला पुढ्यात बसवून स्कूटर चालवत होतं, आणि कुत्र्याच्या डोक्यात हेल्मेट! मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची बघायला लागली. घरचं तो कधी काही बोलत नाही. माझ्यासारखाच एकटा असणार बिचारा.

खरं सांगायचं तर मी वाट बघते. उचलायच्या आधी केस सारखे करते — फोनवर दिसतंय कुणाला!

१९ मार्च
आमचे ऑफिसातले साहेब म्हणाले, “ही लाइन गप्पा मारायला नाही.” मान डोलावली. ऐकणार नाही. दिवसभरात एवढं एकच माणूस माझ्याशी माझ्यासाठी बोलतं.

२२ मार्च
रविवार. फोन नाही. रविवार फार लांबतो.

२४ मार्च
बाईचा आवाज. “यांच्या फोनमध्ये हा नंबर सापडला. रोज खाली गाडी लावून यावर बोलत बसतात. हसतात. मी खिडकीतून बघते. वर आले की अगदी गप्प. पूर्वी आदळआपट करायचे, पण बोलायचे तरी! कोण तुम्ही?”

“राग आला की मी त्यांना गाडी थांबवायला सांगते,” एवढंच म्हटलं.

ती अगदी हळू म्हणाली, “मग आता वर यायलाही सांगा ना त्यांना.”

उद्या सांगते.