काल्पनिक गृहस्थाची संमती

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितातच. बायको मुलीकडे गेली आहे, बाळंतपणाला. नात आता रांगते म्हणे. घरात एवढी शांतता! लेखकाला याहून काय हवं?

ऑफिसात मॅडमनी नवा नियम काढला. आमची संस्था एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांकडे दर आठवड्याला गप्पा मारायला माणूस पाठवते. त्यासाठी निधी मागणारे अर्ज मी लिहितो. अर्जात एखाद्याची कहाणी लागते. देणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणं ही माझी खासियत. आता म्हणे, कहाणी ज्याची त्याला आधी वाचून दाखवायची. तो खोडेल ते खोडायचं. मी म्हटलं, अवश्य. माझं लिखाण कोण खोडतंय!

६ मार्च, बुधवार
कहाणी तयार. नायिका, शिवणकाम करणाऱ्या काकू. आमचा माणूस त्यांच्याकडे जातो. शीर्षक ‘रिकाम्या घराची हाक’. लिहिताना मीच रडलो. चांगली खूण.

७ मार्च, गुरुवार
काकूंना वाचून दाखवली. त्यांनी मशीनसुद्धा थांबवलं नाही. घर खायला उठतं, हे खोडा म्हणाल्या. गिऱ्हाइकांमुळे घरात पाय ठेवायला जागा नाही. खिडकीत वाट बघत बसतात, तेही खोडा; खिडकीतून त्या समोरच्या न्हाव्याशी भांडतात. दोघांचा स्वयंपाक करून अर्धा टाकून देतात, हे कुठून आणलंत, असंही विचारलं. कल्पनाशक्ती असते एकेकाला, त्यांना काय सांगायचं! शेवटी एकच वाक्य उरलं. काकू कपडे शिवतात. तेही त्यांनी दुरुस्त केलं, ‘उत्तम शिवतात’.

उद्यापासून लवकर उठणे. फिरायला जाणे.

८ मार्च, शुक्रवार
उठलो नाही. बायकोला फोन केला. बाळाला आंघोळ घालत होती. नंतर करते म्हणाली. वाट बघत नव्हतो, सहज फोन जवळ ठेवला होता.

११ मार्च, सोमवार
युक्ती! माणूसच काल्पनिक घ्यायचा. संमतीची भानगडच नको. ‘एक गृहस्थ’. आतल्या खोलीत टीव्ही लावून बाहेर बसतात, म्हणजे आत कोणी आहेसं वाटतं. राँग नंबर आला तर समोरच्याला जेवलात का विचारतात. दुकानात साखर आणायला एकदा जातात, साबण आणायला पुन्हा जातात. कुठून सुचतं मला, देव जाणे.

१२ मार्च, मंगळवार
मॅडमनी वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. भारावल्या असणार. मग कागद परत दिला. म्हणाल्या, “छान उतरलंय. पण नियम तोच. ज्यांची कहाणी आहे, त्यांना वाचून दाखवा, मगच पाठवू.”

मी समजावलं, अहो, असा माणूसच नाही. त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा आणला. बाई चांगल्या आहेत, पण साहित्य कळत नाही. अर्ज सोमवारी जायलाच हवा. हा निधी गेला तर गप्पांच्या भेटी बंद.

१५ मार्च, शुक्रवार
निदान कोणाला तरी वाचून दाखवावं म्हणून काकूंकडे गेलो. या खेपेला मशीन थांबलं. काही खोडा म्हणाल्या नाहीत. फक्त एवढंच, “वहिनी परत येणार आहेत ना हो?”

येतील की, म्हटलं, बाळ जरा मोठं होऊ दे. त्यांनी माझ्या शर्टाचं लोंबणारं बटण तिथल्या तिथे शिवून दिलं. विषय काय, बाई करतात काय!

१७ मार्च, रविवार
उद्या अर्ज. नियम म्हणजे नियम. आतला टीव्ही बंद केला, खुर्चीत बसलो आणि कहाणी मोठ्यानं वाचली. आवाज घोगरा निघाला. कालपासून कोणाशी बोललो नव्हतो. मध्ये दोनदा थांबावं लागलं.

गृहस्थांनी एकही शब्द खोडला नाही. संमती दिली. फक्त विचारलं, तुमचा तो गप्पा मारणारा माणूस रविवारी आला तर चालेल का.