प्रतिस्पर्ध्यांनी दिलेला पुरस्कार

टिलबर्ग,
१४ जून २०२५

प्रिय सुबोध,

बाबा काठीशिवाय गॅलरीपर्यंत जायला लागले, हे ऐकून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. इथे मी आणि आपली लेक ज्ञानदा मजेत आहोत. फोनवर आपण नवरा-बायको लगेच एकमेकांना पटवायला लागतो, म्हणून हे पत्र.

बातमी तुला कळली असेलच. आमच्या बास्केटबॉल लीगचा ‘वर्षातला सर्वोत्तम व्यवस्थापक’ हा पुरस्कार यंदा मला मिळाला. त्यासाठी मतं देतात बाकीच्या क्लबांचे व्यवस्थापक. म्हणजे ज्यांच्याशी मी वर्षभर खेळाडूंवरून भांडले, त्यांनीच मला निवडलं. खोटी नम्रता कशाला दाखवू? तो मला मिळायलाच हवा होता.

जानेवारीत आमची टीम तळाला होती. आमचा कॅप्टन योस्ट गुडघ्यांनी थकला होता, पण अख्ख्या गावाचा लाडका. संचालकांनी बजावलं होतं, त्याला हात लावायचा नाही. मी लावला. मेल न पाठवता सायकल काढली आणि त्याच्या घरी गेले. त्याने कॉफी दिली. यापुढे तू खेळणार नाहीस, असं मी त्याला सांगितलं. त्याने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, “माझ्या जागी कोण?”

मी नायमेखन शहरातल्या मिलानचं नाव घेतलं. त्याला दुसऱ्या क्लबांनी नाकारलं होतं.

“तो डिफेन्समध्ये कच्चा आहे.”

“म्हणूनच तू हवा आहेस. त्याला शिकव.”

त्याने होकार दिला नाही. पुढच्या सामन्यात प्रेक्षकांनी माझी हुर्यो उडवली. ज्ञानदा शेजारी बसली होती, तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. त्यानंतरच्या सोमवारी मात्र योस्ट सरावाला हजर, गळ्यात शिट्टी अडकवून. तिथून आम्ही थेट फायनल गाठली. फायनल हरलो, पण तळातून तिथवर आलो होतो.

पुरस्कार घेताना मी योस्टला स्टेजवर बोलावलं. तो उठला नाही, बसल्या जागेवरून नुसती मान डोलावली. मला तेवढं पुरलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. बाबांच्या आजारपणामुळे तू पुढे गेलास, आणि या महिनाअखेर आम्ही दोघींनीही पुण्याला कायमचं परत यायचं, असं आपलं ठरलं होतं. तू बाणेरचा फ्लॅट बघितलास, ज्ञानदाच्या शाळेचीही चौकशी केलीस. आम्ही येत नाही आहोत, सुबोध. काल मी क्लबशी आणखी तीन वर्षांचा करार केला. तुला आधी विचारलं नाही. तू नको म्हणाला असतास, मी ऐकलं असतं, आणि मग जन्मभर तुझ्यावर चिडून राहिले असते.

तुझ्या नोकरीसाठी मी आइंडहोवनला आले, तेव्हा दिवस खायला उठायचा. वेळ जावा म्हणून शेजारच्या मैदानात मुलींना ड्रिबलिंग शिकवायला लागले. कुणाच्या मागे येणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. म्हणून तुला ‘ये’ म्हणताना ते सोपं समजून म्हणत नाही.

बाबा पूर्ण बरे झाले की ये. त्यांना आवडणार असेल तर त्यांनाही घेऊन ये. आणि यायचंच नसेल, तर तसं स्पष्ट कळव. मला रडू येईल, पण मी करार मोडणार नाही.

इथेच राहणारी आणि तुझीच,
हिमानी