एका खिशाचा ॲप्रन

प्रिय थोरलीस,

बाबांचा फोन कधी लागतच नाही, अशी तू आईकडे तक्रार केलीस म्हणे. तक्रार अगदी रास्त आहे. फोन दुपारभर माझ्या कानाला असतो. का, ते पुढे सांगतो. म्हणून म्हटलं, पोस्ट पुन्हा सुरू झालंय तर पत्रच लिहावं. कागदावर मला कुणी मध्ये तोडत नाही. तू दर फोनला एकच विचारतेस, की तू इथे नाहीस, आई दवाखान्यात ड्युटीवर, मग बारकीचं कसं होणार. मी "बरं चाललंय" म्हणतो आणि तू गप्प होतेस. ती गप्प राहण्याची पद्धत तुझ्या आईची आहे, मला चांगली ओळखू येते. तेव्हा आज सगळं सांगतो, अगदी काही न लपवता.

साथ आली तेव्हा सगळं एकदमच बंद झालं. तू तिकडे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर अडकलीस, आईला दवाखान्याने तिथेच राहायची खोली दिली, आपल्या शिवणाच्या दुकानाचं शटर खाली आलं आणि बारकीची ती विशेष मुलांची शाळा बंद झाली. शाळा बंद हे तिला सांगणार कसं? ती रोज सकाळी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायची. शाळेची गाडी यायची नाही, मग रडणं सुरू. ब्रेडच्या दुकानापुढे रस्त्यावर रांगेसाठी पांढरे गोल आखले होते, ते मात्र तिला फार आवडले. एकदा गोलात उभी राहिली की हलायची नाही, मागच्या लोकांनी पुढे कसं जायचं? मी सगळ्यांची माफी मागत तिच्या भोवती फिरायचो. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी हात टेकले होते. तू असतीस तर तू काय केलं असतंस, एवढंच डोक्यात घोळायचं.

मग शाळेच्या बाईंनी फोनवरून वर्ग घ्यायचं ठरवलं. पडद्यावर बाई दिसल्या तशी बारकीने फोन उचलला, उलटा केला आणि मागे पाहिलं. बाईंचे पाय कुठे आहेत ते शोधत होती. पाय सापडले नाहीत तेव्हा तिने फोन टेबलावर पालथा घातला आणि त्यावर उशी ठेवली. बाई उशीखालून शिकवत राहिल्या बिचाऱ्या. इतर घरांतही थोड्याफार फरकाने हेच झालं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी बाईंनी सगळ्या पालकांना सांगितलं, मुलांना मी फोनवरून शिकवणार नाही, तुम्हाला शिकवणार. शिकवायचं तुम्ही.

आता शाळेत काम करताना बाई तो हिरवा ॲप्रन घालतात, तो तुला आठवत असेल. ॲप्रन अंगावर म्हणजे काम, ॲप्रन खुंटीला म्हणजे सुटी, हे त्या मुलांना पक्कं माहीत. घरात आई-बाप कधी शिकवतायत आणि कधी नुसते आई-बाप आहेत, हे मुलांना कळावं म्हणून बाईंना प्रत्येक घरात तसाच एक ॲप्रन हवा होता. शिवणार कोण, तर मी. दुकान बंद, हात रिकामे, हिरवं कापड कपाटात पडलेलं. मला शिंगंच फुटली. बाईंचा ॲप्रन म्हणजे, तुला सांगतो, मापाचा पत्ता नाही, गळा वाकडा, आणि डाव्या बाजूला एकच खिसा, तोही तिरका. माझ्यासारख्या शिंप्याला ते बघवेना. मी गळा नीट कापला, कडेला पट्टी लावली, दोन्ही बाजूंना छान सारखे खिसे लावले. घालून आरशात पाहिलं आणि रुबाबात बारकीसमोर उभा राहिलो. तिने एकदा पाहिलं. मग जवळ येऊन उजव्या खिशावर हात ठेवला आणि तो ओढायला लागली. ओढता ओढता ओरडायला लागली. मी समजावतोय, हा जास्त चांगला आहे, बघ तरी. तिला चांगला नको होता, तिला तो हवा होता. एवढी वर्षं गिऱ्हाइकाला काय शोभतं ते मी ठरवत आलो, पण असं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटलं. शेवटी तिच्यासमोर बसून खिसा उसवला, उरलेला खिसा तिरका केला, पट्टी काढली. गळासुद्धा वाकडा केला. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम वाईट शिवलं. आणि तिने खुर्ची ओढली आणि टेबलाशी येऊन बसली. सगळ्या घरांसाठी मग मी तसेच वाकडे ॲप्रन शिवले, आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

एक गोष्ट आईलाही अजून सांगितलेली नाही. एकदा काम संपलं आणि मी ॲप्रन काढायला विसरलो. तसाच जेवण वाढून तिला भरवायला बसलो. ती तोंड उघडेना. माझ्याकडे परक्यासारखी बघत राहिली, मग उठली आणि घरभर फिरायला लागली. स्वयंपाकघरात पाहिलं, मोरीत डोकावली, दुकानात जाऊन कापायच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. मला कळेना काय हरवलंय. मग तिने "बाबा" म्हटलं. मला नाही, रिकाम्या दुकानाला. ती मला शोधत होती. मी घाईघाईने ॲप्रन काढला, तशी ती आली आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं. थोरले, मी दिसलो नाही तर हिला काही वाटेल का, हे मला इतकी वर्षं खरंच माहीत नव्हतं. तू तिच्याजवळ असायचीस, मी मशीनवर असायचो. त्या दिवशी मी जेवलोच नाही, नुसता बसून राहिलो. इतका आनंद झाला होता.

आता फोनचं. बाई म्हणाल्या, आया माझ्याशी बोलतात, रडतात, विचारतात. बाप फोनवर येतच नाहीत. तुम्ही बोला त्यांच्याशी. मी! ज्याला तुझी आई मुखदुर्बळ म्हणते, तो. पण ॲप्रन पोचला का, मापाला बसला का, हे विचारायला शिंप्याने फोन करणं साहजिकच होतं. तिथून सुरुवात झाली. बाप लोक आधी ॲप्रनच्या नाड्यांवर बोलतात, मग हळूहळू मुद्द्यावर येतात. एक सुतार आहे. त्याचा मुलगा चिडला की भिंतीवर डोकं आपटतो. एकदा दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, मला हे जमणार नाही, मी घर सोडून जातो. मी म्हटलं, आधी ॲप्रन काढून खुंटीला लाव, पाणी पी, आणि मी तुला माझी फजिती सांगतो ती ऐक. उशीखालच्या बाई, दोन खिसे, सगळं सांगितलं. तो हसला. मग पुष्कळ वेळ रडला, मी फोन धरून बसलो. तो घरीच राहिला. मुलगा जिथे डोकं आपटतो तिथे त्याने भिंतीला गादी ठोकली, आणि आता नव्या बापांना गादी कशी ठोकायची ते तोच सांगतो. बाई म्हणाल्या, शाळा उघडली तरी तुमचे हे दुपारचे फोन चालू ठेवा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, ते तू इथे असतीस तर तुला दिसलं असतं.

आणि बारकी बटणं लावते. दोनदा वाच. शिंप्याची मुलगी आणि बटण दिसलं की कानावर हात. तू रोज सकाळी तिला गाण्यात गुंतवून फ्रॉकची बटणं लावायचीस, आणि तू गेल्यावर आम्ही बिनबटणाचे, इलॅस्टिकचेच फ्रॉक शिवले. आता मी एका पट्टीवर काजं करून दिली, आधी कोटाची मोठाली बटणं, मग लहान, मग शर्टाची. बाई फोनवरून सांगायच्या, घाई करू नका, तिचा हात धरू नका. हात न धरणं किती कठीण असतं ते तुला सांगायला नको. मागच्या आठवड्यात आई घरी आली, वाळलेली, नाकावर मास्कचे वळ. दारातच बसली. बारकीने तिच्याकडे पाहिलं, जवळ गेली आणि आईच्या स्वेटरची सगळी बटणं खालपासून गळ्यापर्यंत लावली. उन्हात. आईला घाम फुटला, पण तिने मला एकही बटण काढू दिलं नाही. दुपारभर तशीच बसली होती वेडी.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. आईने मला सांगितलं. तू सांगू नको म्हणालीस तरी सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. त्या मोठ्या पुलाच्या कामावर तुला घेतलंय, आणि तू नाही म्हणून कळवणार आहेस. बारकीसाठी इथे येऊन जवळपास काहीतरी बघणार आहेस. बाळा, शाळेत असल्यापासून तू तिची वेणी घातलीस, तिचं रडणं सांभाळलंस, एकाही सहलीला गेली नाहीस. बारकीचा मला अभिमान आहे तो या वर्षातला, तुझा किती जुना आहे ते मी कधी बोललो नाही, आज लिहितो. पण बारकीला आई आहे, बाप आहे, बाई आहेत, फोनवरचा तो सुतारही आहे. तिला हवी आहे ती ताई. सुटीला ये, उशिरापर्यंत लोळ, तिच्या ताटातलं पळव, तिच्याशी भांड आणि परत जा. ती तुझी आठवण काढते. रोज दारात जाऊन "ताई?" म्हणते. मी म्हणतो, ताई कामावर. मग तीही "ताई कामावर" म्हणते, मान हलवते आणि येऊन स्वतःच्या कामाला बसते. मी तिला आजवर कधी खोटं सांगितलेलं नाही. तेव्हा उद्याच त्यांना हो म्हणून कळव.

तुझाच,
बाबा